आतून कडी

चिटणीस : ‘गुरुवार, सकाळी सात पन्नास. तीन परदेशी पाहुणे एक कमोड आणि अवजारांच्या दोन पेट्या घेऊन क्लबच्या सभागृहाच्या दारात उभे राहिले. मावशींनी त्यांना आत घेतलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला घण पडला.’

अध्यक्ष : खोड ते.

चिटणीस : कुठलं वाक्य?

अध्यक्ष : सगळं.

चिटणीस : इतिवृत्त आहे दाजी. जे घडलं ते लिहिलं.

अध्यक्ष : क्लबात मला दाजी म्हणायचं नाही, शंभरदा सांगितलंय. क्लबात मी अध्यक्ष.

चिटणीस : ताईचा फोन आला होता. म्हणाली, ‘तुझ्या दाजींना सांभाळ, नाश्ता न करता पळालेत.’ अध्यक्षांना सांभाळ असं काही म्हणाली नाही.

अध्यक्ष : अरे, आज चार वाजता प्रांतपाल येतायत! त्यांच्या हाताखालच्या साठ क्लबांतून आपल्या क्लबला ढाल! ‘सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय मानवसेवा.’ नऊ वर्षं वाट बघतोय मी. दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर समोर खिळा मारून ठेवलाय. पेशंटनं आ केला की नजर सरळ खिळ्यावर.

चिटणीस : ढाल क्लबची असते. दवाखान्याची नाही.

अध्यक्ष : फिरती असते. आधी माझ्याकडे फिरेल. आणि नेमके आजच हे तिघं आपला संडास फोडतायत! कोण आहेत कोण हे?

चिटणीस : ज्या गावच्या शाळेला आपण स्वच्छतागृहं बांधून दिली, तिथले. तिथल्या क्लबनं पाठवलेत. एक गवंडी, एक प्लंबर बाई आणि एक शाळामास्तर. मास्तर फोनमध्ये बोलतात आणि फोन आपल्याशी मराठीत बोलतो.

अध्यक्ष : मग आभार मानायला आले असतील. एक गुच्छ देऊ, फोटो काढू, संपलं. घण कशाला?

चिटणीस : विचारलं मी. फोन म्हणाला, ‘आता आमची पाळी.’

अध्यक्ष : कसली पाळी?

चिटणीस : मदतीची. त्यांच्या कागदावर आपल्या नावापुढे ‘लाभार्थी’ लिहिलंय.

अध्यक्ष : कोण लाभार्थी?

चिटणीस : आपण.

अध्यक्ष : मी? लाभार्थी? मी दरवर्षी स्वतःच्या खर्चानं तीन देशांत जाऊन गरिबांचे दात काढतो!

(आतून घणाचे ठोके. छताच्या एका कोपऱ्यातून थोडी धूळ पडते.)

मावशी : डॉक्टर, पाय उचला जरा. इथे फरशा ठेवायच्यात.

अध्यक्ष : मावशी, तुम्ही या लोकांना आत घेतलंतच कसं?

मावशी : दार उघडून. अकरा वर्षं झाली, या हॉलचं दार मीच उघडते, मीच लावते. मधल्या वेळात झाडते, पुसते. पाहुणे आले, उघडलं.

अध्यक्ष : निदान विचारायचं तरी, काय काम आहे म्हणून!

मावशी : विचारलं की. त्या बाईनं कमोडकडे बोट केलं, मी मागच्या बोळाकडे बोट केलं. ती हसली. मी हसले. झालं बोलणं.

अध्यक्ष : पण समुद्रापलीकडच्या माणसांना आपल्या संडासाचा पत्ता लागतोच कसा?

चिटणीस : अहवाल, पान चार.

अध्यक्ष : पान चारवर काय आहे?

चिटणीस : ‘पूर्वीची अवस्था.’

अध्यक्ष : तो फोटो? अरे, तो तर त्यांच्या शाळेचा! त्या फोटोवर तर ढाल मिळाली आपल्याला. फुटकं भांडं, ओलीचे पोपडे, सुतळीनं बांधलेलं दार! भिंतभर पडद्यावर लावून मी वीस मिनिटं बोललो.

चिटणीस : तेवीस.

अध्यक्ष : प्रांतपालांनी चष्मा काढून डोळे पुसले.

चिटणीस : दोनदा. तेही लिहिलंय.

अध्यक्ष : मग?

चिटणीस : दाजी, बसा.

अध्यक्ष : मी उभाच बरा आहे.

चिटणीस : नियम असा आहे की प्रत्येक कामाचा ‘आधी’चा फोटो हवा आणि ‘नंतर’चा हवा. नंतरचे त्यांनी पाठवले, चकचकीत. आधीचा कुणी काढलाच नव्हता. अहवाल द्यायची मुदत संध्याकाळी पाचची. म्हणून मी क्लबच्या ग्रुपवर शोधलं. तिथे हा सापडला. खाली लिहिलं होतं, ‘माणसानं जायचं कसं?’ इतकं काळजाला भिडलं, मला वाटलं तिकडूनच कुणीतरी टाकलाय.

मावशी : मी टाकला होता.

अध्यक्ष : काय?

मावशी : फोटो. दर महिन्याला एक तारखेला टाकते. तुम्ही अंगठा दाखवता.

अध्यक्ष : मी? अंगठा?

मावशी : कधी अंगठा, कधी हात जोडलेले. एकदा फुगे आले होते.

चिटणीस : फुगे माझे. ते खजिनदारांच्या वाढदिवसाखाली टाकायचे होते.

अध्यक्ष : म्हणजे तो फोटो आपल्या... इथल्या... त्या बोळातल्या...

मावशी : हो. इथून बारा पावलं.

अध्यक्ष : सभेला बेचाळीस सभासद होते! एकालाही ओळखू नये?

मावशी : कसं ओळखणार? आत कोण गेलंय कधी? तुमची सभा दीड तासाची, घरं जवळ. डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी हात लांब करून म्हणालात, ‘अशा ठिकाणी माणसं कशी जगत असतील?’ मी मागे कपबश्या मांडत होते. हात बरोबर बोळाकडे होता. मला वाटलं, आता करून टाकतात.

अध्यक्ष : तो हात समुद्रापलीकडे होता, मावशी.

मावशी : असेल. पण वाटेत संडास होता.

चिटणीस : हे वाक्य घेऊ का इतिवृत्तात?

अध्यक्ष : नाही! आणि तो एवढा मोडला होता तर दुरुस्त का नाही केला कुणी?

चिटणीस : विषय चौदा वेळा आला. चौदाही वेळा घटनेचं कलम नऊ आडवं आलं. ‘क्लबचा निधी केवळ इतरांच्या सेवेसाठी. सभासदांच्या सुखसोयीसाठी नाही.’

अध्यक्ष : कुणी आडवं आणलं?

चिटणीस : तुम्ही. चौदाही वेळा. ‘आपण देणारी माणसं आहोत, घेणारी नाही.’ मग टाळ्या. मग चहा.

अध्यक्ष : मावशी, मग तुम्ही इतकी वर्षं कुठे... म्हणजे दिवसभर इथे असता...

मावशी : समोर बेकरीत. बेकरीवाली भली बाई आहे, कधी नाही म्हणत नाही. पण बेकरी गुरुवारी बंद.

अध्यक्ष : मग गुरुवारी?

मावशी : गुरुवारी पाणी पीत नाही.

चिटणीस : आपली सभा गुरुवारी असते.

अध्यक्ष : माहीत आहे मला, आपली सभा कधी असते ते.

मावशी : तुम्हीच दाढ बघताना म्हणाला होतात ना, हिरड्या सुकल्यात, पाणी भरपूर प्या. सहा दिवस पिते.

अध्यक्ष : बरं. ते असू दे. आता मूळ मुद्दा. फोटो आपला आहे हे यांना कुणी सांगितलं?

चिटणीस : आपला अहवाल तिकडे गेला. त्यांनी पान चार उघडलं. स्वतःची शाळा तर ओळखणारच. त्यांचं पत्र आलं, ‘हे आमचं नाही, मग बिचारं कुणाचं आहे?’

अध्यक्ष : तू काय उत्तर दिलंस?

चिटणीस : शिक्का मारला. ‘पोचलं.’ फाईलला लावलं.

अध्यक्ष : न वाचता?

चिटणीस : परभाषेत होतं. त्यांची पत्रं नेहमी आभाराचीच असतात. दुकानात झेरॉक्सची रांग लागलेली, आभार किती वाचणार? मग त्यांनी दुसरं पाठवलं, चित्रांचं.

मावशी : ते मी भरलं. टेबलावर पडलं होतं. चांगलं सुटसुटीत होतं, आपल्या ठरावांसारखं नाही. एकीकडे त्यांची शाळा, एकीकडे आपला संडास. खाली दोन तोंडं, एक हसरं, एक रडकं. तुमचं असेल तर हसऱ्यावर खूण, नसेल तर रडक्यावर. मी हसऱ्यावर केली.

अध्यक्ष : का केलीत?

मावशी : आपलंच होतं.

अध्यक्ष : आणि ते तसंच गेलं?

चिटणीस : मी शिक्का मारला. तुम्ही सही केलीत.

अध्यक्ष : मी सही करताना प्रत्येक कागद वाचतो.

चिटणीस : तुमचा एक हात पेशंटच्या तोंडात होता. दुसऱ्या हातानं केलीत. ‘लवकर आण रे,’ म्हणालात, ‘भूल उतरतेय.’

मावशी : मागच्या पानावर आणखी चित्रं होती. काय काय हवं ते सांगा म्हणून. छप्पर, नळ, दिवा, भांडं, फरशी, कडी.

अध्यक्ष : आणि तुम्ही सगळ्यांवर खुणा केल्यात.

मावशी : छे हो, परक्या माणसांकडे एवढं मागणं बरं दिसतं का? एकावरच केली.

अध्यक्ष : कशावर?

मावशी : कडी. आतून.

चिटणीस : बाकीचं त्यांनी मनानंच आणलंय. मास्तर सांगत होते, त्यांच्या गावच्या सुतारानं दरवाज्याची फळी रंधून दिली, शाळेतल्या बायांनी कमोड गोधडीत गुंडाळून दिला. विमानतळावर तीनदा गोधडी सोडायला लावली. तिसऱ्यांदा अधिकाऱ्यानं विचारलं, ‘हे एवढ्या लांब कुणासाठी नेताय?’ मास्तरांनी आपल्या अध्यक्षांचा फोटो दाखवला.

अध्यक्ष : माझा?

चिटणीस : भाषण करतानाचा. हात लांब केलेला.

अध्यक्ष : ते काही नाही. काम थांबवायचं. फोडलेला भाग झाका, बोळाला पडदा लावा आणि पाहुण्यांना फिरायला न्या. टेकडी दाखव, तळं दाखव, पाच वाजेपर्यंत आणू नकोस.

चिटणीस : नऊ वाजता हेच सुचवून झालं.

अध्यक्ष : मग?

चिटणीस : मास्तरांनी फोनला सांगितलं, फोननं मला. ‘तुमचे अध्यक्ष आमच्याकडे उद्घाटनाला आले तेव्हा म्हणाले होते, गरजू माणूस संकोचानं नाही म्हणतो. ते ऐकायचं नाही. काम करत राहायचं.’

अध्यक्ष : मी असं म्हणालो होतो?

चिटणीस : तिथे त्यांनी भिंतीवर रंगवून घेतलंय.

अध्यक्ष : थांबा. मीच जाऊन बोलतो. डॉक्टरनं सांगितलेलं वेगळं असतं. माणसं ऐकतात.

चिटणीस : दाजी, तिथे फळी टाकलीये, तिच्यावरून जा. फरशी ओली आहे.

मावशी : गेले. तुम्हाला काय वाटतं हो, झेरॉक्सवाले? थांबवतील?

चिटणीस : मला वाटण्याचं काही नसतं. मी लिहितो. दहा चाळीस, अध्यक्ष आत गेले.

मावशी : थांबवलं तर तिथे नुसता खड्डा राहायचा. जुना गेला, नवा नाही. त्यांचं विमान उद्या सकाळी. मग मी जन्मभर बेकरीत.

चिटणीस : ठराव लागेल थांबवायला. गणसंख्या सात. आम्ही दोघं.

मावशी : आणि चालू ठेवायला?

चिटणीस : त्यालाही लागेल. पण चालू ते चालू. घटनेत चालू कामाबद्दल काही नाही.

मावशी : मग ती घटना आज जवळच ठेवा. आले बघा. डॉक्टर, कोटाला चुना लागलाय.

चिटणीस : काय झालं, दाजी?

अध्यक्ष : काही नाही.

चिटणीस : सांगितलंत त्यांना?

अध्यक्ष : मी म्हणालो, आम्हाला याची गरज नाही. आम्ही गरजू नाही. फोननं सांगितलं त्यांना ते. त्यावर त्या प्लंबर बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मावशी : अगं बाई.

अध्यक्ष : आणि फोन म्हणाला, ‘लाजू नका.’

चिटणीस : मग?

अध्यक्ष : मग बिस्कीट दिलं. हातात नाही रे, भरवलं. आणि गवंड्यानं मला भांड्याशेजारी उभं करून फोटो काढला. ‘हसा’ म्हणाले. मी हसलो. सवयीनं सगळे दात दाखवले.

चिटणीस : ‘नंतर’चा असेल.

अध्यक्ष : लिहू नकोस!

मावशी : नाश्ता तरी झाला तुमचा.

अध्यक्ष : मावशी, तुम्ही हसताय. माझी अब्रू टांगलीये. चार वाजता ढाल, आणि त्याच भिंतीपलीकडे... चिटणीस, एक कर. मोठी पाटी लिही. ‘आंतरराष्ट्रीय स्वच्छता प्रात्यक्षिक. प्रवेश निषिद्ध.’ ते आपल्याला शिकवायला आलेत... नाही, आपण त्यांना शिकवतोय. इथे. नमुन्यादाखल.

चिटणीस : पाटी त्यांनीही आणलीये. संगमरवरी. मास्तरांनी वाचून दाखवली. ‘दूरच्या, सोशिक माणसांना, प्रेमानं.’

अध्यक्ष : सोशिक?

चिटणीस : फोननं आधी ‘हालअपेष्टा भोगणाऱ्या’ म्हटलं होतं. मी दुसरा शब्द विचारला.

अध्यक्ष : ती लावणार? इथे?

मावशी : तुमची त्यांच्या शाळेत आहेच की. केवढी आहे?

चिटणीस : दारापासून खिडकीपर्यंत.

मावशी : ही वीतभर आहे. राहू द्या.

अध्यक्ष : मावशी, तुम्हाला एक विनंती. हात जोडून. प्रांतपालांनी विचारलं, तर तो फोटो त्यांच्या शाळेचाच होता, एवढं म्हणा.

मावशी : खोटं नाही बोलणार मी.

अध्यक्ष : एकदाच.

मावशी : पण तुम्ही घाबरू नका. मला कुणी काही विचारत नाही. अकरा वर्षांत त्या परदेशी लोकांनीच पहिल्यांदा विचारलं. तेही चित्रं काढून.

(ठोके चालूच राहतात. दुपार होते.)

चिटणीस : एक वाजला. ठोके थांबलेत.

मावशी : भांडं बसलं. आता नळ जोडतायत. मी दिवा धरायला जाते.

अध्यक्ष : मावशी, निदान तीनपर्यंत संपवा म्हणावं!

मावशी : फोनला सांगा. मला त्यांचं हसणंच तेवढं कळतं.

(दोन तास जातात.)

अध्यक्ष : चिटणीस, तू खिडकीपाशी उभा राहा. गाडी दिसली की मला सांग. मी बोळाच्या तोंडाशी कपाट सरकवतो. ढाल, दोन शब्द, चहा, गाडीत. मागे कुणी जायचं कारणच नाही. नऊ वर्षांत कुठलाही प्रांतपाल बोळात गेलेला नाही.

चिटणीस : कपाट हलणार नाही. चौदा वर्षांची इतिवृत्तं आहेत त्यात.

अध्यक्ष : बाहेर काढ ती!

चिटणीस : ठराव लागेल.

अध्यक्ष : तू माझा मेहुणा आहेस की शत्रू?

चिटणीस : क्लबात चिटणीस. दाजी, गाडी.

अध्यक्ष : कसली गाडी? आता कुठे तीन वीस!

चिटणीस : चाळीस मिनिटं आधी आलेत. लाल दिव्याची नाही, पण झेंड्याची आहे. उतरले. चालतायत. भराभर चालतायत.

अध्यक्ष : ढाल कुठे आहे?

चिटणीस : ड्रायव्हरच्या हातात. ते ढालीच्या बरेच पुढे आहेत.

अध्यक्ष : उत्साह बघ त्यांचा! कोटाला चुना दिसतोय का रे? माझं भाषण कुठे ठेवलं मी? जा, सामोरा जा, मी खिशात शोधतो. (चिटणीस दारापर्यंत जाऊन परत येतो.) काय म्हणाले? अरे, इतक्यात परत कसा आलास? कुठे आहेत ते?

चिटणीस : दाराशीच विचारलं, ‘कुठे आहे?’

अध्यक्ष : मी?

चिटणीस : नाही. चार तासांचा प्रवास झालाय त्यांचा. वाटेत दोन स्वागतं झाली. दोन्हीकडे सरबत.

अध्यक्ष : अरे देवा. समोर बेकरीत न्यायचं ना मग!

चिटणीस : आज गुरुवार.

अध्यक्ष : मग कुठे नेलंस?

चिटणीस : मी नाही नेलं. मावशी पुढे झाल्या. म्हणाल्या, ‘या, बारा पावलं आहे. फळीवरून या.’

अध्यक्ष : मावशी! मावशी, इकडे या. गेले ते आत?

मावशी : गेले की. तिघं पाहुणे बाजूला झाले, त्यांना वाट दिली. प्लंबर बाईनं स्वतः दिवा लावून दिला. मास्तर बाहेर उभे आहेत, फोन तयार ठेवून.

अध्यक्ष : आत काही दिसण्यासारखं नाही ना? ती पाटी अजून लावली नसेल.

चिटणीस : दोन पंचावन्नला लावली.

अध्यक्ष : कुठे?

मावशी : समोरच्या भिंतीवर. आणि पाटीखाली फोटो.

अध्यक्ष : कसला फोटो?

मावशी : तोच, माझा. ‘माणसानं जायचं कसं?’ त्यांनी मोठा करून चौकटीत घालून आणलाय. शेजारी तुमचा, बिस्किटानंतरचा, झेरॉक्सवाल्यांच्या दुकानातून छापून आणलेला.

चिटणीस : पान चारच आहे. प्रांतपालांना पाठ आहे ते.

अध्यक्ष : उभं राहून दिसतो?

मावशी : नाही.

अध्यक्ष : मग ठीक आहे.

मावशी : बसल्यावरच दिसतो. डोळ्यांसमोर.

अध्यक्ष : किती वाजता गेले?

चिटणीस : तीन चोवीस. आता तीन पस्तीस.

अध्यक्ष : काही आवाज?

चिटणीस : पाणी सोडल्याचा. एकदा. तीन एकोणतीस.

अध्यक्ष : मग पुढची सहा मिनिटं काय करतायत?

चिटणीस : वाचत असतील.

अध्यक्ष : चष्मा काढला असेल का रे?

चिटणीस : माहीत नाही. माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

अध्यक्ष : ढाल?

चिटणीस : खुर्चीवर ठेवलीये. ड्रायव्हरनं तुमच्या हातात द्यायला नकार दिला.

अध्यक्ष : मावशी, उभ्या का? बसा. दमला असाल सकाळपासून. पाणी घ्या.

मावशी : गुरुवार आहे, डॉक्टर.

अध्यक्ष : माहीत आहे. घ्या.

मावशी : द्या. भरून द्या.

चिटणीस : ‘तीन चाळीस. प्रांतपाल आत. ढाल बाहेर.’ पुढे काय लिहू?

अध्यक्ष : जे घडेल ते लिही. अजून कसे आले नाहीत? मावशी, बरं नसेल वाटत त्यांना. जरा दार ढकलून बघता का?

मावशी : ढकलून नाही उघडणार आता ते. कडी आहे.